धक्का लागू नये म्हणून

“अगं, नीरेचा पूल आला बघ!” मागच्या सीटवरून आईंचा आवाज यायचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय वर्षे ८३. डोळ्यांना बाहेरचं फारसं दिसत नाही, पण फलटण ते पुणे हा रस्ता त्यांना पाठ. पाठ म्हणजे अक्षरशः पाठीनं पाठ! लोणंदच्या आधीचे गतिरोधक, नीरेच्या पुलाचे सांधे, वाल्ह्याजवळचा उखडलेला पट्टा, दिवे घाटातली वळणं... प्रत्येक ठिकाणचा धक्का ठरलेला. तो बसला की त्या आधी ‘आई गं’ म्हणायच्या आणि मग गावाचं नाव सांगायच्या. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर नंतर ते येईनासं झालं.

आईंच्या डोळ्यांचा पडदा वयोमानानं खराब होतोय. त्यावर उपाय म्हणजे दर महिन्याला पुण्याला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घेणं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “गेलेली नजर परत आणता येईलच असं नाही, पण आहे ती टिकवायचीय. तारीख चुकवू नका.” त्यातच दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि ठिसूळ झालेला एक मणका दबला. तेव्हापासून गाडीचा प्रत्येक धक्का थेट पाठीत. आणि एक दिवस तारीख उद्यावर आलेली असताना त्या म्हणाल्या, “मला नको नेऊस. डोळे गेले तर गेले. ही पाठ घेऊन मी त्या गाडीत बसायची नाही.”

त्या महिन्यात खरंच तारीख चुकली. पुढच्या वेळी तपासणीत एका डोळ्याची वरची आणखी एक ओळ गेलेली होती. डॉक्टर रागावले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मैत्रिणींनो, ते बघणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आता त्या गाडीविषयी. आमची गाडी मर्सिडीज. दचकू नका! श्रीमंती वगैरे काही नाही. ह्यांची वकिली चालत होती तेव्हा २००८ साली त्यांनी हौसेनं जुनी घेतली, १९९६ ची डिझेल. मर्सिडीजनं भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती १९९५ मध्ये आपल्या पिंपरीला, आणि पहिलं मॉडेल हेच होतं. चौकोनी, दणकट, जुन्या लाकडी कपाटासारखं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मीटरवर ३ लाख ४० हजार किलोमीटर दिसतात. वयाच्या चाळिशीत मी ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकले आणि आता मीच चालवते.

“काकू, विकून टाका,” असं सगळेच सांगत होते. एका दलालानं साडेतीन लाख देऊ केले. भाड्याची गाडीही करून पाहिली. पण उंच गाडीत आईंना चढता येत नाही आणि छोट्या गाडीत पाय पसरता येत नाहीत. आमच्या गाडीची सीट बुटकी, ऐसपैस. आई आडव्या होऊन जाऊ शकतात. प्रश्न फक्त धक्क्यांचा होता.

पहिली चूक मी घाईनं केली. जवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या मुलानं गाडीकडे न बघताच सांगितलं, “शॉकअप गेलेत मॅडम, चारही टाकू.” स्वस्तातले टाकले. १८ हजार रुपये. घरी येताना गाडी पहिल्यापेक्षा जास्त आदळायला लागली! परत गेले तर उत्तर मिळालं, “जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.” सोबत माझा पुतण्या होता. गंमत म्हणजे तो मुलगा सगळं बोलत होता पुतण्याशी. मला म्हणत होता, “मॅडम, तुम्ही बसा, चहा घ्या.” पैसे मात्र मीच दिले!

मग पुतण्यानं मनावर घेतलं. वय २६, मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघणारा. “काकू, सस्पेन्शन पूर्ण अपग्रेड करू. कडक स्प्रिंग, गाडी दोन इंच खाली, मोठी अलॉय व्हील्स, पातळ टायर. काय दिसेल!” खर्च दीड लाख. मी विचारलं, “आणि आजीची पाठ?” तो गप्प झाला. चांगला मुलगा आहे. त्यानंच मग शोधून काढलं, की पुण्यात हडपसरच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री फक्त अशा जुन्या गाड्यांचंच काम करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी आधी गाडीला हात लावला नाही. मला विचारलं, “ताई, त्रास कोणाला होतो? गाडी चालवणाऱ्याला की मागं बसणाऱ्याला?” इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

मग गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावलं. मी इतिहास शिकवणारी मास्तरीण, पण त्या अर्ध्या तासात जे शिकले ते तुम्हालाही सांगते. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग नुसती असली तर खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी हलतच राहील. झोपाळ्यावर बसून आपण पायाचा अंगठा फरशीला टेकवतो आणि झोका मंद करतो ना, तेच काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं आणि त्या तेलातून बारीक छिद्रांचा दट्ट्या वरखाली होतो. खड्ड्याची उसळी तेल ढवळण्यात खर्च होते. म्हणून खराब रस्त्यानं आल्यावर शॉकअप चक्क गरम लागतो.

“आणि हे बघा खरं दुखणं,” म्हणून चाचांनी टॉर्च मारला. ह्या गाडीच्या मागच्या एकेका चाकाला पाच पाच दांड्या आहेत. चाक वरखाली होताना सरळ राहावं म्हणून ही योजना. प्रत्येक दांडीच्या टोकाला रबर असतं, त्याला बुश म्हणतात. लोखंडाचा आवाज आणि हादरा ते रबर गिळतं. आमची रबरं लाकडासारखी कडक झाली होती, काहींना भेगा पडल्या होत्या. काहींमधून तर लोखंडाला लोखंड लागत होतं. वर मी बसवून घेतलेले शॉकअप ह्या गाडीच्या मानानं फारच कडक. म्हणजे झोपाळा थांबवायला अंगठा नाही, दगड टेकवला होता!

“ताई, कुकरचं रबर कडक झालं तर तुम्ही काय करता? कुकर बदलता का?”

मला एकदम सगळं कळलं. तीस वर्षांत रबर म्हातारं झालंय, गाडी नाही.

पण पुढचं ऐकून अंगावर काटा आला. चाचांनी पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं. ते टक्‌ टक्‌ वाजलं. खालच्या बॉल जॉइंटमध्ये ढिलाई होती. “हा सुटला तर चाक आडवं पडतं. घाटातून जाताय ना तुम्ही?” दर महिन्याला दिवे घाट उतरून, म्हाताऱ्या आईंना मागे झोपवून, मी हे चाक घेऊन जात होते. पाठीच्या दुखण्याकडे सगळ्यांचं लक्ष. ह्या टकटकीकडे कोणाचंच नव्हतं. खरं सांगू? आवाज मला ऐकू येत होता. ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून मी तो कानाआड केला होता.

चाचांचा हिशेब साधा होता. गाडी खाली करायची नाही, स्प्रिंगा चांगल्या आहेत त्या ठेवायच्या. कडक पॉलियुरेथेनचे बुश शर्यतीच्या गाड्यांना ठीक. इथं मूळच्यासारखं मऊ रबरच हवं. बदल एकच, शॉकअप गॅसचे. बिलस्टाइन, सॅक्स अशा जर्मन कंपन्यांचे मिळतात. त्यात दाबाखाली नायट्रोजन असतो, त्यामुळे सतत हलून तेलाला फेस येत नाही आणि लांबच्या खराब रस्त्यावरही शॉकअप दमत नाही. त्यातही कडक प्रकार नको, साधा घ्यायचा. शॉकअप ४४ हजार, रबरं, दांड्या, जॉइंट मिळून २६ हजार, मजुरी आणि अलाइनमेंट १६ हजार. एकूण ८६ हजार.

रात्रभर झोप नाही. साडेतीन लाखांच्या गाडीवर ८६ हजार! माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, ५० हजार. त्यातून पाटल्या मोडून नव्या करायच्या होत्या. सकाळी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी नको गं एवढं.” मी म्हटलं, “तुमच्यासाठी नाही आई, घाटात गाडी मी चालवते.” हे खरंही होतं.

पाच दिवस काम चाललं. त्यातले दोन दिवस मी स्वतः जाऊन बसले, चहा न घेता. पुढची स्प्रिंग काढताना चाचांनी सगळ्यांना लांब केलं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते, म्हणून ती खास शिकंज्यात आवळूनच काढतात. स्प्रिंगच्या डोक्यावर बसणारं एक जाड रबर त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यावर टिकलीसारखे उंचवटे होते. एक टिकली म्हणजे पातळ, दोन म्हणजे त्याहून जाड, असं चारपर्यंत. गाडी एका अंगाला कलत असेल तर टिकल्या मोजून रबर बदलायचं. कुठल्या जर्मन माणसानं हे टिकल्यांचं गणित काढलं असेल कोण जाणे, मला मात्र तो घरातला वाटला!

आणि शेवटची गोष्ट, जी मी कधीच विसरणार नाही. रबराचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पक्के आवळायचे नाहीत. नुसते अडकवायचे, गाडी खाली उतरवून चाकांवर उभी करायची, तिचं वजन बसू द्यायचं आणि मग आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाचा म्हणाले, “घाईतलं काम इथंच फसतं.”

तुमच्याकडे मर्सिडीज नसेल, छोटी गाडी असेल. हरकत नाही, चार गोष्टी सगळ्या गाड्यांना सारख्याच. उभ्या गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेला. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तरी तेच. टायरवरून तळहात फिरवा. कुठे झिजलेलं, कुठे उंच लागलं तर चाकांचं दुखणं आहे. शॉकअप एकटा बदलू नका, पुढची किंवा मागची जोडी बदला. काढलेले जुने भाग परत मागा आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून त्याचा कागद घ्या. हवा किती भरायची ते गाडीवरच लिहिलेलं असतं. आमच्या गाडीत ते डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आहे. आम्ही वर्षानुवर्षं कितीतरी जास्त भरत होतो! आणि मुख्य म्हणजे, “मॅडम, तुम्ही बसा” म्हटलं तर बसू नका. काय बदलताय, का बदलताय, ते दाखवा म्हणायचं. पैसे आपले, जीवही आपला.

पुढच्या तारखेला आम्ही निघालो. गाडी नवी झाली असं नाही. खड्डा आला की कळतो, पण लांबून कोणी हाक मारावी तसा. लोणंद गेलं. मागे शांतता. मी आरशातून बघितलं, आई जाग्याच होत्या.

“नीरा आली का गं?”

“आई, नीरा केव्हाच मागे गेली. वाल्हं आलं.”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आता आपण कुठं आलो ते मला कळायचंच नाही!” आवाजात तक्रार होती. थोडी खरी, थोडी लटकी.

ह्याचा विचार मीही केला नव्हता. न दिसणाऱ्या माणसाला तेवढाच एक रस्ता हाताशी होता, तोही मी काढून घेतला.

त्यानंतर तारीख एकदाही चुकलेली नाही. डॉक्टर म्हणतात, नजर आहे तिथं टिकून आहे. आणि आता गावं मी मोठ्यांदा सांगते. तरडगाव, लोणंद, नीरा, वाल्हं. जेजुरीचा गड दिसायला लागला की गाडी थोडी हळू करते आणि सांगते, “आई, उजेडात छान दिसतोय गड.” त्या पडल्या पडल्या हात जोडतात.