मंत्रचळावर गोळी चालते काय?

आमच्या परिचयातील एक तरुण कार्यकर्ता. नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. जयंतीची वर्गणी असो की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निघणारी गाडी असो, हा गडी सर्वांच्या पुढे. एके वर्षी तो विहारात येईनासा झाला. वस्तीत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, फुटला. कोणी म्हणाले, दुसऱ्या गटात गेला. आम्हीही त्या चर्चेत मान हलवली, हे येथे कबूल केले पाहिजे.

खरी गोष्ट पुढे दोन वर्षांनी कळली. वंदनेला उभा राहिला की बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर त्याच्या मनात गलिच्छ शिवी येत असे. ज्या बापासाठी जीव द्यायला तयार, त्याच्याच समोर शिवी! तो घाबरून त्रिसरण पुन्हा पहिल्यापासून म्हणे. मध्येच पुन्हा ती शिवी. पुन्हा पहिल्यापासून. घरी दार लावून दोन-दोन तास हेच चाले. आपण समाजद्रोही आहोत, आपल्या रक्तातच खोट आहे, असे त्याने ठरवून टाकले आणि विहाराची पायरी सोडली.

या आजाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर मंडळी ओसीडी म्हणतात, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असलेला विचार मनात घुसतो आणि तो शांत करण्यासाठी माणूस एकच कृती पुन्हा पुन्हा करतो. कोणी हात धुतो, कोणी कडी तपासतो, कोणी मोजत बसतो. कोणा आईला आपल्या हातून लेकराला इजा होईल अशी भीती वाटते आणि ती विळी लपवून ठेवते. माणसाला जे सर्वात प्रिय असते नेमके त्यावरच हा आजार घाव घालतो. म्हणून त्या तरुणाच्या मनातली शिवी हा त्याच्या द्रोहाचा पुरावा नव्हता. ती त्याच्या निष्ठेला लागलेली कीड होती.

येथे एक गैरसमज दूर करू. आपल्या वस्तीत कोणी सारखे हात धुऊ लागले की लोक हिणवतात, 'काय, सोवळं पाळायला लागलास काय?' बंधूंनो, सोवळे-ओवळे आणि मंत्रचळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विटाळ मानणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, त्रास दुसऱ्याला होतो. त्यामागे धर्मग्रंथ उभे असतात, गावकी उभी असते, आणि त्यातून त्याला मानपान मिळतो. ती व्यवस्था आहे. तिच्यावर गोळी नाही, तिच्यावर संघर्षच हवा. मंत्रचळाच्या रुग्णाला मात्र आपण करतो ते व्यर्थ आहे हे बहुधा कळत असते. कळूनही थांबता येत नाही, हीच त्याची यातना. तसेच गटारात उतरणारा सफाई कामगार घरी येऊन दोनदा अंघोळ करतो, तो आजारी नाही. आजारी आहे ती त्याला गटारात उतरवणारी व्यवस्था.

आता मूळ प्रश्न. या आजारावर औषधाचा उपयोग होतो काय?

होतो. पण कोणाला, किती आणि कधी, हे नीट समजून घेतले पाहिजे. क्लोमिप्रामिन हे औषध जुने आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ साली त्याला या आजारासाठी मान्यता दिली. पुढे फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सरट्रालिन ही औषधे आली. ती मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर काम करतात. दहा रुग्णांनी ती योग्य मात्रेत घेतली तर साधारण चार ते सहा जणांना चांगला उतार पडतो. उतार म्हणजे मुळापासून सुटका नव्हे. विचार येतो, पण त्याची पकड सैल होते. दोन तासांचे त्रिसरण वीस मिनिटांवर येते. ज्याचे आयुष्य थांबले होते त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

आपले लोक फसतात ते वेळेच्या बाबतीत. डोकेदुखीची गोळी तासाभरात गुण देते, ही गोळी आठ ते बारा आठवडे घेते. मात्राही बहुधा उदासीनतेच्या आजारापेक्षा जास्त लागते. आमच्या तरुणाने तिसऱ्याच आठवड्यात गोळ्या फेकून दिल्या. मळमळ होत होती आणि गुण दिसत नव्हता. त्याआधी एका डॉक्टरने त्याला नुसत्या झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. झोपेच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, उलट सवय मात्र लागते. सेरोटोनिनच्या औषधांची तशी चटक लागत नाही; पण ती एकाएकी बंद केली तर त्रास होतो आणि आजार उलटतो. म्हणून बरे वाटल्यावरही ती वर्ष-दोन वर्षे चालू ठेवावी लागतात आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी लागतात. पंचविशीच्या आतील मुलांना सुरुवातीच्या आठवड्यांत कधी कधी बेचैनी वाढते, जीव देण्याचे विचार येऊ शकतात. त्या काळात घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे आणि तसे काही दिसले तर लगेच डॉक्टर गाठावा.

औषधाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक गुणकारी असा दुसरा मार्ग आहे. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी तो मांडला. ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती चढते, पण कृती न करताही ती आपोआप उतरते, हे मन अनुभवाने शिकते. २००५ साली अमेरिका व कॅनडातील १२२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. या उपचाराने ६२ टक्के रुग्णांना गुण आला, क्लोमिप्रामिनने ४२ टक्क्यांना, दोन्ही एकत्र दिल्यावर ७० टक्क्यांना आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीने ८ टक्क्यांना. आकडे बोलके आहेत. गोळी खोटी नाही, पण गोळी एकटी पुरेशीही नाही.

मग हा दुसरा उपचार आपल्या माणसाला मिळतो काय? येथेच विषमता आडवी येते. त्यासाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचा आठवड्याला तासभर वेळ लागतो. शहरातील पैसेवाल्याला तो मिळतो. रोजंदारीवर जाणाऱ्याची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना आहेत. या ८५ टक्क्यांत कोण असतील, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको.

आणि जेथे डॉक्टर नाही तेथे देवऋषी हजर असतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही लोक रात्री गुपचूप अंगारा आणतात, हे कटू सत्य आहे. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण दवाखाना जवळ आल्याशिवाय बुवा दूर जाणार नाही.

कायद्याने हक्क दिला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी सेवा मोफत मिळाली पाहिजे आणि अत्यावश्यक यादीतील औषधे सरकारी दवाखान्यात सर्व मानसिक रुग्णांना विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे तो सांगतो. फ्लुओक्सेटिन त्या यादीत आहे. खिडकीवर 'औषध संपले' असे ऐकून मुकाट परत येऊ नका. लेखी मागा. शिष्यवृत्तीसाठी मोर्चा काढणारा समाज औषधासाठी निवेदन का देऊ शकत नाही? १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांकही विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

आमच्या तरुणाने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनी त्याला व त्याच्या पत्नीला तो सरावही समजावून दिला. तसबिरीसमोर उभे राहायचे, शिवी आली तर येऊ द्यायची, त्रिसरण एकदाच म्हणायचे आणि बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी तो घामाने भिजला. चौथ्या महिन्यात तो विहारात आला आणि मागच्या रांगेत बसला. शिवी अजून कधीतरी येते, असे तो सांगतो. आता तो तिच्यामुळे थांबत नाही.

त्याला फुटला म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. उद्या तुमच्या वस्तीतला एखादा कार्यकर्ता अचानक यायचा थांबला, तर त्याचा गट विचारू नका. आधी त्याच्या घरी जा आणि त्याची तब्येत विचारा.