तीन मिलिमीटरची भिंत

हवा म्हणजे सोनोग्राफीचा शत्रू. ध्वनिलहरी हवेपाशी पोचल्या की जवळजवळ सगळ्या माघारी फिरतात आणि पलीकडचं काही पडद्यावर उमटत नाही. आतड्यात तर वायूच वायू! १९८६ साली पॉयलार्ट या डच डॉक्टरांनी अपेंडिक्स शोधायची एक साधी युक्ती मांडली: पोटावर प्रोब हलके हलके दाबत न्यायचा. वायू बाजूला सरतो, निरोगी आतडी चेपतात, सुजलेला भाग मात्र दबत नाही.

क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या चिवट आजारांत आता पोटविकारतज्ज्ञ स्वतःच, रुग्णाच्या खाटेपाशी, असा प्रोब फिरवतात. निरोगी आतड्याची भिंत जेमतेम तीन मिलिमीटर. तेवढ्यात काळेपांढरे पाच थर एकाआड एक दिसतात, यावर आधी विश्वासच बसत नाही! दाह वाढला की भिंत जाडावते, थर एकमेकांत विरघळतात, डॉपलर लावताच तिथे धावणाऱ्या रक्ताचे रंगीत ठिपके लुकलुकू लागतात. कोलोनोस्कोपीला दिसतो तो आतला गिलावा. क्रोन तर पार विटांपर्यंत पोचतो.

ब्रिटनमध्ये एमआरआयशी तुलना झाली (२०१८), तेव्हा लहान आतड्यातला क्रोन एमआरआयने ९७ टक्के रुग्णांत पकडला, सोनोग्राफीने ९२. थोडी मागेच, पण इथे कोलोनोस्कोपीसारखी जुलाबाची तयारी नको, भूल नको, आणि किरणोत्सर्गही नाही. त्यामुळे पुन्हापुन्हा बघता येतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांवरचा एक जर्मन अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. औषध सुरू झाल्यावर दोनच आठवड्यांत अनेकांची भिंत पातळ होऊ लागलेली त्यात दिसली. औषध लागू पडतंय का, हे कळायला महिनोन्महिने ताटकळणं नको.

गुदाशय मात्र ओटीपोटात खोल दडलेला, तो पोटावरून नीट दिसत नाही. हातही सरावलेला लागतो. आपल्याकडे आणखी एक मेख आहे. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं, ती क्रोनची आवडती जागा. आतड्याच्या क्षयाचीही तीच. भिंत दोन्हींत जाड होते. अशा वेळी नुसत्या सोनोग्राफीवर विसंबून चालत नाही, दुर्बिणीतून तुकडा काढून तपासावा लागतो. कारण क्रोनवरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चुकून क्षयाच्या रुग्णाला दिली, तर क्षय अंगभर पसरू शकतो.