छोट्या रेल्वेचा पाया सपाटच हवा

घरात उभारलेल्या प्रतिकृती-रेल्वेची गाडी एकाच ठिकाणी वारंवार घसरत असेल, तर इंजिनाला दोष देण्याआधी रुळांखालचा फोमबोर्ड तपासावा. ‘एचओ’ या प्रचलित प्रमाणात प्रतिकृती मूळ रेल्वेच्या ८७ पट लहान असते. साहजिकच दोन बोर्डांच्या सांध्यावरील १ मिलिमीटरची पायरी खऱ्या लोहमार्गावरील सुमारे पावणेनऊ सेंटिमीटरच्या पायरीइतकी ठरते.

फोमबोर्ड खालच्या आधाराप्रमाणे वाकतो. म्हणून प्रथम लाकडी चौकट पाणसळीने समपातळीत आणावी. त्यावर बोर्ड पाण्यात मिसळणाऱ्या गोंदाने चिकटवून, तो वाळेपर्यंत सर्वत्र सारखे वजन ठेवावे. द्रावकयुक्त गोंद मात्र टाळावा. त्यात पॉलिस्टायरिन विरघळते.

नंतर लांब पोलादी पट्टी उभी-आडवी टेकवून पाहावी. तिच्याखालून प्रकाश दिसला, की तेथे खळगा आहे असे समजावे. उंचवटे लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासावेत, तर खळगे व सांधे हलक्या पुट्टीच्या पातळ थरांनी भरावेत. पुट्टी पूर्ण वाळल्यावर पुन्हा हलकेच घासावे. ही भुकटी श्वासावाटे जाऊ नये, यासाठी तोंडाला मास्क हवाच.

डोंगर-दऱ्यांची जागा ओबडधोबड राहिली तरी बिघडत नाही. रुळांची वाट मात्र आधीच निर्दोष करावी. नंतरची दुरुस्ती म्हणजे बसविलेला मार्ग उखडणेच होय.