एका पिक्सेलचा कॅमेरा

मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा. हात लालसर उजळतो, पण हाडं दिसत नाहीत. प्रकाश आरपार येतो. मात्र वाटेत विखुरल्यामुळे कुठला किरण कुठून आला, हे कळेनासं होतं.

यावर एक सुंदर उपाय आहे. वस्तूवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे ठरावीक नमुने एकामागून एक पाडायचे आणि दर वेळी पलीकडे पोचलेला एकूण प्रकाश एकाच संवेदकाने मोजायचा. किरण भरकटले, तरी बेरीज नमुन्यानुसारच बदलते. त्या बेरजांवरून संगणक चित्र उभं करतो. ६४ × ६४ बिंदूंच्या चित्राला ४,०९६ नमुने लागतात. चतुर गणिताने त्याहून कमीही पुरतात. २०१४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी सतत बदलणाऱ्या विखुरक माध्यमातूनही असं चित्र मिळवून दाखवलं.

अट एकच: नमुना वस्तूपर्यंत स्पष्ट पोचला पाहिजे. धुकं त्यानंतर आलं, तर चालतं.