एकच तळे, निराळी ताटे

हिवाळ्यात आदिलाबादजवळच्या सातनाला जलाशयाच्या किंवा एखाद्या गावतळ्याच्या काठी उभे राहिले, की पाण्यावरची निरनिराळी बदके एकाच पंगतीला बसल्यासारखी वाटतात. मग बलवान जातीने दुबळ्या जातीला या पंगतीतून उठवून कसे लावले नाही?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गॉझ या रशियन शास्त्रज्ञाने पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच अन्नावर एकत्र वाढविल्या. काही दिवसांत एकच जात उरली. १९३४ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. बदके मात्र एकत्र नांदतात. कारण तळे एक असले, तरी त्यांची ताटे निराळी आहेत.

पहिली वाटणी खोलीची. लहानखुरे चक्रांग बदक काठच्या चिखलात, बोटभर पाण्यात चोच चालविते. लांब मानेचे तलवार बदक शेपटी वर करून उलटे होते व फूटभर खोलीवरचे बी टिपते. लालसरी आणि शेंडी बदक त्याहून खोल पाण्यात बुडी मारतात.

दुसरी वाटणी चोचीची. थापट्याच्या पसरट चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. त्यांतून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. हळदी-कुंकू बदकाचा भर पाणवनस्पती व बियांवर असतो. तिसरी वाटणी वेळेची. अडई बहुधा रात्री चरते.

ही वाटणी अर्थात काटेकोर नसते. अन्न मुबलक असले, की ताटांची सरमिसळ होते.

आता मुद्दा काठाचा. उतरता काठ असेल, तरच बोटभर, फूटभर आणि पुरुषभर पाणी एकाच तळ्यात मिळते. नाशिक जिल्ह्यात गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यात गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली, म्हणून तेथे बदकांची गर्दी होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले, तर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

तेलंगणात २०१५ पासून मिशन काकतीय योजनेखाली जुन्या तळ्यांतील गाळ काढण्यात आला. शेतीच्या दृष्टीने ते हिताचेच. परंतु गाळ काढताना काठ सरळ उभा कापला गेला, तर पाणी वाढूनही चक्रांगाचे ताट उचलले जाते.

तेव्हा मित्रहो, पुढच्या हिवाळ्यात बदके मोजताना प्रत्येक जात किती खोल पाण्यात चरते, हेही वहीत टिपून ठेवा. कोणता काठ राखायचा, ते त्यावरून कळेल.