छपरावरची आगोट

मे महिना लागला की मालवणच्या घराघरांत आगोटीची धांदल सुरू होते. सुकं म्हावरं, पापड, सोलं, लाकूडफाटा, सगळं पडवीत येऊन पडतं, कारण पुढचे चार महिने उन्हाचा भरवसा नसतो. नेमक्या याच दिवसांत छपरावर सोलर बसवायची बोलणीही निघतात, कारण पंख्यांनी फुगवलेलं बिल हातात असतं. या बोलण्यांत ऐकीव गोष्टींचाच भरणा जास्त. त्यातल्या काही इथे तपासून बघू.

गैरसमज : चार महिने पाऊस पडतो, आपल्याकडे सोलर परवडायचं नाही.
वस्तुस्थिती : वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. जुलैच्या झडीत हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, हे खरंच. पण नेट मीटरिंगमध्ये हिशोब एका महिन्यावर थांबत नाही. घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या तारेवर जाते आणि तेवढी युनिटं आपल्या खात्यावर जमा राहतात. ही जमा आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत पुढे चालते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणजे आपल्या कडक उन्हाच्या तोंडावरच. एप्रिल-मेमध्ये साठवायचं आणि पावसात खायचं, ही तर आगोटच झाली. फक्त ‘बिल शून्य’ असं कोणी सांगितलं तर मान हलवू नये. स्थिर आकार भरावाच लागतो.

गैरसमज : छपरावर पॅनेल आहेत, आता लाइट गेली तरी चिंता नाही.
वस्तुस्थिती : मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी नुसतं नेट मीटरवरचं सोलर भर दुपारीही बंद पडतं. हा बिघाड नव्हे. तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून उलटा करंट जाऊ नये, म्हणून तारेत वीज नाही असं दिसताच इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. लाइट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा, म्हणून हे बोलणं पहिल्याच दिवशी व्हायला हवं.

गैरसमज : खारा वारा दोन वर्षांत पॅनेल खाऊन टाकतो.
वस्तुस्थिती : पॅनेलच्या वर काच असते आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमची चौकट. खारं त्यांच्याआधी खातं ते खालच्या सांगाड्याला आणि नटबोल्टांना. देवबाग-तारकर्लीच्या बाजूला गेटाची साधी बिजागरी बघा, रंगाखालून गंज फुगून आलेला दिसेल. म्हणून सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि पॅनेल खाऱ्या हवेच्या चाचणीत उतरलेलं असावं. धुताना विहिरीचं मचूळ पाणी वापरलं तर काचेवर मिठाचे डाग बसतात. पाणी गोडंच हवं. इथे खाऱ्याइतकाच जपायचा तो माड. एका झावळीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही, कारण आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कुठे पडते ते आधी बघून ठेवावं.

गैरसमज : सोलरसाठी स्लॅबच हवा, कौलारू घराला काही उपयोग नाही.
वस्तुस्थिती : कौलांखालच्या वाशांना हुक बसवून पॅनेल चढवता येतात, मात्र वासे आणि रिपा सुतारानं आधी ठोकून बघायला हव्यात. दक्षिणेकडचा उतार उत्तम. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. कौल आणि पॅनेल यांच्यात हवा खेळायला फट ठेवावी, कारण पॅनेलला हवा असतो उजेड, ताप नव्हे. २५ अंशांच्या वर पॅनेल तापलं की दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. आणि कौलारू घराला कमी लेखू नये. जांभ्याची जाड भिंत, खोल पडवी, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, या सगळ्यांनी पंख्याचं निम्मं काम आधीच केलेलं असतं. स्लॅबचं घर मात्र दिवसभर तापतं आणि रात्री तो ताप घरातच सोडतं.

गैरसमज : समुद्राचा एवढा वारा आहे, तर छपरावर पवनचक्कीच लावू.
वस्तुस्थिती : वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. घराच्या उंचीवर माड-पोफळी वारा अडवतात आणि गरगरवतात. देवगडच्या पवनचक्क्या उघड्या सड्यावर, उंच मनोऱ्यांवर उभ्या केल्या, त्या याचसाठी.

गैरसमज : गोबरगॅस म्हणजे घाण, वास आणि जुना जमाना.
वस्तुस्थिती : घाणीतून सोनं करायचं वेड या जिल्ह्याला नवं नाही. कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. आज कुडाळ तालुक्यातल्या झाराप इथली भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान ही संस्था घरोघर बायोगॅस उभारते. दोन-तीन गुरांचं, म्हणजे दिवसाला सुमारे २५ किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून घातलं की जवळपास १ घनमीटर गॅस मिळतो. सिलिंडरमधला साधारण ४५० ग्रॅम गॅस जे काम करतो तेवढं त्यात होतं. बाहेर पडणाऱ्या स्लरीला ताज्या शेणाइतका वास येत नाही, आणि ती माडाच्या आळ्यात थेट जाते.

गैरसमज : बिल कमी करायचं म्हणजे सोलर बसवायचं.
वस्तुस्थिती : जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३०. चार पंखे रोज १२ तास फिरले तर जुन्यांना महिन्याला १०८ युनिटं लागतात, नव्यांना ४३. वाचलेली ६५ युनिटं म्हणजे अर्ध्या किलोवॅटहून जास्त पॅनेल, तेही छपरावर न चढवता. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व पुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण अनुदान मोठं मिळतं म्हणून यंत्रणा मोठी घेणं, म्हणजे बरणी मोठी आहे म्हणून लोणचं जास्त घालण्यासारखं.

आगोट भरताना घरची बाई आधी खाणारी तोंडं मोजते आणि मग बाजाराला निघते. सोलरवाल्याला फोन लावण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिटांची बेरीज करा. त्यातून नव्या पंख्यांनी वाचणारी युनिटं वजा करा. उरेल तेवढ्याचंच छप्पर भरा.