ओंडके वाहून नेणारी मिसिसिपी

मिसिसिपी म्हटलं की अफाट पात्राची नदी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात, ग्रँड रॅपिड्स गावापाशी, ती अजून आटोपशीर आहे. तिच्या उगमाचं इटास्का सरोवर याच राज्यात आहे. इथे नदीकाठी मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीचं ‘फॉरेस्ट हिस्टरी सेंटर’ आहे. मिनिआपोलिसला मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांनी एक अख्खा दिवस काढून जावं, अशी ही जागा. गाडीने तीनेक तास लागतात.

केंद्राच्या प्रदर्शन-दालनातल्या हाताळून बघायच्या गोष्टींत मुलं रमतात. पण जास्त वेळ राखावा तो बाहेरच्या तळासाठी. 1900 सालच्या हिवाळ्यातला लाकूडतोड्यांचा तळ इथे नव्याने उभारला आहे. निजायची खोली, भटारखाना, लोहाराची भट्टी, तबेला, करवतींना धार लावणाऱ्याची खोली, सगळं जागच्या जागी. उन्हाळ्यात त्या काळच्या वेशातली माणसं इथे वावरतात आणि 1900 सालातच राहून तुमच्याशी बोलतात. अशा तळावर साठ-सत्तर गडी असत, एका खाटेवर दोघं निजत. जेवताना बोलायची मात्र बंदी! बोलण्यातून भांडण निघतं आणि वेळही जातो, म्हणून पानावर बसायचं, खायचं, उठायचं.

झाडं तोडायची ती हिवाळ्यातच. त्यामागचं गणित इथे नीट उलगडतं. रात्री पाण्याची टाकी घोड्यांनी ओढत नेऊन रस्त्यावर पाणी शिंपडायचं. सकाळपर्यंत त्याचा बर्फ होई. त्या गुळगुळीत चाकोरीतून दोन-चार घोडे कित्येक टन ओंडक्यांची घसरगाडी ओढून नेत. नदीकाठी ढीग रचायचे आणि प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने कंपनीची खूण ठोकायची. नदी सगळ्यांची, माल ज्याचा त्याचा. खाली पोचल्यावर याच खुणांवरून वाटणी होई.

वसंतात बर्फ वितळला की ओंडके पाण्यात ढकलले जात. तळाला टोकदार खिळे ठोकलेले बूट घालून, हातात आकडे घेऊन माणसं त्यांच्यावर उभी राहत. ओंडके अडकून कोंडी झाली, की मूळ अडकलेला ओंडका हुडकून तो सोडवायचा. तो सुटला की मागचं सगळं एकदम अंगावर येई. या माणसांबरोबर त्यांचं स्वयंपाकघरही तराफ्यावर वाहत जाई. त्याला ‘वॅनिगन’ म्हणतात. इथे तसं एक नदीतच बांधून ठेवलं आहे. त्यावर उभं राहिलं की पायाखाली खरी मिसिसिपी वाहत असते. मला या केंद्रातली सर्वांत मोलाची वस्तू हीच वाटते.

या लाकडातून शहरं उभी राहिली, पण किंमत दुसऱ्यांनी मोजली. ही भूमी मूळनिवासी ओजिब्वे लोकांची. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1837 च्या तहानंतर त्यांची पाइनची जंगलं कंपन्यांना खुली होत गेली. 1880 च्या दशकात नदीच्या वरच्या अंगाला सरकारने धरणं बांधली. पाणी चढलं आणि ओजिब्वे ज्याला ‘मनोमिन’ म्हणतात तो सरोवरातला रानभात बुडाला. तोडणीनंतर पडून राहिलेला पालापाचोळा आणि फांद्या वाळून पेट घेत. 1 सप्टेंबर 1894 रोजी मिनेसोटातल्याच हिंकली गावाभोवती असाच वणवा भडकला आणि चारशेहून अधिक माणसं गेली. तळावरच्या कष्टांच्या गोष्टी ऐकताना माणूस भारावतो. म्हणूनच ही बाजू तितक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वणव्यावर नजर ठेवण्यासाठी पुढे मनोरे उभारले गेले. इथला मनोरा शंभर फूट उंच आहे. गुडघे साथ देत असतील तर जरूर चढावं. आणि गाव सोडण्याआधी जवळचं पोकेगामा धरणही पाहून घ्यावं. 1884 चं हे धरण वर सांगितलेल्या धरणांपैकीच एक.